सही आपली, मजकूर दुसऱ्याचा

एका टॅबमध्ये तुम्ही बँकेच्या खात्यात लॉगिन करून बसला आहात आणि दुसऱ्यात एक अनोळखी पान उघडता. त्या पानात दडलेला फॉर्म, तुम्ही कशालाही हात न लावता, बँकेच्या सर्व्हरकडे 'पैसे पाठवा' अशी विनंती धाडतो. ब्राउझर बँकेची कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची ओळख पटवणारी छोटी नोंद, इमानेइतबारे तिला जोडून देतो. सर्व्हरला कुकी ओळखीची वाटते आणि तो काम उरकतो. पासवर्ड चोरीला गेलेला नसतो, खातंही कुणी फोडलेलं नसतं. २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी या प्रकाराला 'क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी' म्हटलं. सीएसआरएफ हे त्याचं लघुरूप, आणि त्यांनी सुचवलेला उच्चार 'सी-सर्फ'!

हल्लेखोराची अडचण एकच. त्याला विनंती पाठवता येते, पण आलेलं उत्तर वाचता येत नाही, कारण एका साइटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटचं पान ब्राउझर वाचू देत नाही. म्हणून सर्व्हर आपल्या पानात अंदाज बांधता येणार नाही असं टोकन, म्हणजे एक गुप्त अक्षरमाळ, ठेवतो आणि ते परत आलं तरच विनंती मानतो. कुकी आपोआप जाते, टोकन जात नाही. सगळी मेख इथे आहे.

पान न बदलता मागच्या मागे जाणाऱ्या विनंत्यांना, म्हणजे एजॅक्सला, हे टोकन स्क्रिप्टने सहसा हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, घालावं लागतं. साधा एचटीएमएल फॉर्म स्वतःचा हेडर जोडू शकत नाही. परक्या साइटच्या स्क्रिप्टने तसा प्रयत्न केला, तर ब्राउझर आधी 'ऑप्शन्स' विनंती पाठवून सर्व्हरची परवानगी विचारतो. तटबंदी इतकी भक्कम दिसल्यावर जँगो आणि रेल्स या वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कनी एजॅक्स विनंत्यांना टोकनमधून सूटच दिली होती. 'एक्स-रिक्वेस्टेड-विथ' हा हेडर दिसला, की विनंती घरचीच! फेब्रुवारी २०११ मध्ये ही समजूत कोसळली. ब्राउझरचे काही प्लगइन (जोड-प्रोग्राम) आणि रीडायरेक्ट (विनंती दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) यांची सांगड घालून परक्या साइटवरूनही असा हेडर पाठवता येत होता. जँगोने १.२.५ आवृत्तीत सूट काढून टाकली, रेल्सनेही तेच केलं.

'आमचा सर्व्हर फक्त जेसन (माहिती लिहायची एक ठरावीक मांडणी) घेतो' हा दिलासाही पोकळ ठरू शकतो. साध्या फॉर्मला 'टेक्स्ट/प्लेन' प्रकारात जेसनसारखा दिसणारा मजकूर पाठवता येतो. सर्व्हरने मजकुराचा प्रकार सांगणारा 'कंटेंट-टाइप' हेडर तपासलाच नाही, तर तो मजकूर बिनबोभाट आत जातो.

परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी जावी की नाही, हे कुकीवरची 'सेमसाइट' ही खूण ठरवते. २०२० पासून क्रोम ती न लिहिलेल्या कुकीला 'लॅक्स', म्हणजे बहुतेक परक्या विनंत्यांबरोबर न जाणारी, धरतो, त्यामुळे सुरुवातीचं दृश्य आता बरंच अवघड झालं आहे. पण खातं बदलणारं काम साध्या 'गेट' लिंकवर (क्लिक केली की नुसतं पान मागवणारी) ठेवलं असेल, तर 'लॅक्स' कुकी त्या लिंकबरोबर जातेच.

मला जास्त धास्ती वाटते ती कंटाळ्याची. पान तासन्‌तास उघडं राहतं, टोकन शिळं होतं, 'सेव्ह' दाबल्यावर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा नकार, येतो. खरा उपाय म्हणजे नवं टोकन मागवून विनंती पुन्हा पाठवणं. घाईतला प्रोग्रामर मात्र तेवढ्या पत्त्यापुरती तपासणी बंद करून टाकतो.