शेपटीवरचं शिंग डसत नाही

गारवेलीवर किंवा रताळ्याच्या वेलावर बोटाएवढी जाड, मागे शिंग असलेली अळी दिसली की कुणीतरी ओरडतंच, "हात लावू नका, शिंगाने डसते, विष चढतं!" हे साफ खोटं आहे. ही हॉक मॉथ नावाच्या पतंगाची अळी. तिचं शिंग म्हणजे कातडीचीच वाढ. त्यात विष नाही, ते डंख मारत नाही.

2022 च्या पावसाळ्यात घोणस अळीची धास्ती पसरली, तेव्हापासून कुठलीही अळी दिसली की लोक चप्पल उचलतात. घोणस अळी वेगळ्याच कुळातली. तिच्या अंगावर झुपक्यांनी विषारी काटे असतात, लागले की आग होते. तिच्यापासून लांबच राहावं. आपली ही अळी मात्र गुळगुळीत, मागे एकच शिंग.

कुंडीची माती उकरताना तिचा तपकिरी कोष मिळाला तर जरूर निरखा. पुढे कपाच्या कानासारखा बाक दिसेल. त्यात पतंगाची सोंड तयार होत असते, पुढे शरीराहूनही लांब होणारी! पोटावर गुलाबी-काळे पट्टे असलेला हा पतंग तिन्हीसांजेला फुलापुढे हवेत तरंगत मध पितो.

पानं ती फस्त करते, हे खरं. कुंडीतली वेल वाचवायची असेल तर अळीला अलगद उचलून रानातल्या गारवेलीवर सोडा.