लक्झेंबर्ग तडजोड

लक्झेंबर्ग तडजोड : यूरोपीय आर्थिक समुदायाच्या सहा सदस्य-राष्ट्रांनी जानेवारी १९६६ च्या अखेरीस लक्झेंबर्ग येथे स्वीकारलेले, मंत्रिपरिषदेतील (सदस्य-राष्ट्रांच्या मंत्र्यांच्या निर्णय घेणाऱ्या परिषदेतील) मतदानाविषयीचे निवेदन. त्याची तारीख कोठे २९, तर कोठे ३० जानेवारी अशी दिलेली आढळते. तडजोड हे नाव रूढ असले, तरी मूळ प्रश्नावर मतभेद कायम असल्याचीच नोंद तीत आहे. तिला कराराचा दर्जा कधीच मिळाला नाही. तरीही सुमारे दोन दशके समुदायाचा कारभार त्याची स्थापना करणाऱ्या रोमच्या करारातील मतदानाच्या कलमांपेक्षा या निवेदनाच्या छायेत अधिक चालला.

रोमच्या करारात (१९५७) बारा वर्षांचा संक्रमणकाळ चार-चार वर्षांच्या तीन टप्प्यांत विभागलेला होता. तिसरा टप्पा १ जानेवारी १९६६ पासून सुरू होणार होता आणि त्याबरोबर शेतीसह अनेक विषयांत एकमताऐवजी भारित बहुमताने, म्हणजे राष्ट्रागणिक कमी-अधिक मते मोजून, निर्णय होणार होते. फ्रान्स, प. जर्मनी व इटली यांना प्रत्येकी ४, बेल्जियम व नेदर्लंड्स यांना प्रत्येकी २ आणि लक्झेंबर्गला १ अशी एकूण १७ मते होती. आयोगाचा, म्हणजे समुदायाच्या कार्यकारी संस्थेचा, प्रस्ताव संमत होण्यास १२ मते पुरत. म्हणजे फ्रान्सचा विरोध असला, तरी उरलेली १३ मते पुरेशी होती. लक्झेंबर्ग फ्रान्सच्या बाजूस गेले, तरी १२ मते उरतच. लक्झेंबर्गखेरीज दुसरे एखादे राष्ट्र सोबतीला आल्यासच फ्रान्सला निर्णय अडविता आला असता. राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांची अडचण या साध्या बेरजेत होती.

ठिणगी पडली ती मात्र शेतीच्या पैशांवरून. सामाईक कृषिधोरणाच्या अर्थपुरवठ्याचे तात्पुरते नियम ३० जून १९६५ रोजी संपत होते. आयोगाचे अध्यक्ष व्हाल्टर हालश्टाइन यांनी मार्च १९६५ मध्ये तीन गोष्टी एकत्र बांधून पुढे केल्या : कृषिखर्चाची पुढील तरतूद, आयातशुल्क व कृषिकर यांतून समुदायाला स्वतःचे उत्पन्न, आणि अंदाजपत्रकावर यूरोपीय संसदेला वाढीव अधिकार. फ्रान्सला पहिली हवी होती, बाकी दोन नको होत्या. शिवाय हालश्टाइन यांनी हे मनसुबे मंत्रिपरिषदेआधी संसदेपुढे मांडल्याने पॅरिसचा रोष वाढला. ३० जूनची बैठक तोडग्याविना लांबली आणि अध्यक्षस्थानी असलेले फ्रेंच परराष्ट्रमंत्री मोरीस कूव्ह द म्यूरव्हील यांनी १ जुलैच्या पहाटे ती संपविली. त्यानंतर फ्रान्सने ब्रुसेल्समधील स्थायी प्रतिनिधी परत बोलावला व परिषदेच्या बैठकांवर बहिष्कार टाकला. हाच ‘रिकाम्या खुर्चीचा पेचप्रसंग’. खुर्ची पूर्ण रिकामी होती असेही नाही : चालू नियमांच्या अंमलबजावणीच्या तांत्रिक समित्यांत फ्रेंच अधिकारी येत राहिले आणि काही अनिवार्य निर्णयांना फ्रान्सने लेखी पद्धतीने संमती दिली.

पेचप्रसंगाच्या कारणांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अँड्रू मोराव्हचिक यांच्या मते द गॉल यांच्या यूरोपविषयक धोरणामागील मुख्य प्रेरणा आर्थिक, विशेषतः फ्रेंच धान्याला बाजारपेठ मिळविण्याची होती. जुन्या मांडणीत राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा आग्रह केंद्रस्थानी आहे, तर पिअर्स लडलो यांनी आयोगाच्या चुकलेल्या अंदाजांकडे व उरलेल्या पाच राष्ट्रांच्या अनपेक्षित एकजुटीकडे लक्ष वेधले आहे. शेतीच्या पैशांवरून जूनमधील मुहूर्ताचा उलगडा होतो. परंतु २२ जुलै रोजीच आयोगाने बरीच माघार घेणारे टिपण सादर केले, तरी बहिष्कार सुरूच राहिला. ९ सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेत तर द गॉल यांनी बहुमताच्या तत्त्वावरच हल्ला चढविला. त्यामुळे निदान उत्तरार्धापुरते सार्वभौमत्वाच्या बाजूचे स्पष्टीकरण अधिक पटणारे दिसते. फ्रान्सची माघार मात्र घरच्या दबावाने सोपी केली : मुख्य शेतकरी संघटनेने द गॉल यांना मत न देण्याचे आवाहन केले आणि डिसेंबर १९६५ च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत त्यांना निर्विवाद बहुमत मिळाले नाही.

निवेदनाचा गाभा लहान आहे. एखाद्या राष्ट्राचे ‘अतिमहत्त्वाचे हितसंबंध’ गुंतलेले असल्यास सर्वांना मान्य होईल असा तोडगा वाजवी मुदतीत शोधण्याचा प्रयत्न व्हावा, यावर सहाही राष्ट्रे सहमत झाली. एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहिली पाहिजे, असे फ्रान्सने आपले मत स्वतंत्रपणे नोंदविले. एकमत न झाल्यास काय करावे, याबाबत मतभेद असल्याचे त्यापुढे नमूद आहे. अतिमहत्त्वाचे हित कोणते व ते कोणी ठरवायचे, हे कोठेही सांगितलेले नाही. आयोगाच्या वर्तनाविषयीची सात कलमेही सोबत आहेत. त्यांचा पुढे फारसा उल्लेख होत नाही.

या निवेदनातून सूचित होणारा नकाराधिकार उघडपणे क्वचितच वापरला गेला. मतदान टाळण्याची सवय हाच त्याचा खरा परिणाम. निर्णयप्रक्रिया त्यामुळे किती मंदावली, हेही वादग्रस्त आहे. ती फार मंदावली, या रूढ समजावर अभ्यासक जोनाथन गोलब यांनी शंका घेतली आहे. मे १९८२ मध्ये कृषिमालाच्या किमतींवर ब्रिटनने तडजोडीचा आधार घेतला, तेव्हा त्याला डावलून मतदान झाले; डेन्मार्क व ग्रीस यांनी त्यात भाग घेतला नाही, फ्रान्सने मात्र बहुमताला साथ दिली. ब्रिटन अंदाजपत्रकातील आपल्या वाट्याच्या वादासाठी किमती अडवीत आहे, असा बहुमताच्या बाजूचा युक्तिवाद होता. जुलै १९८७ पासून अंमलात आलेल्या एकल यूरोपीय कायद्याने बहुमताचे क्षेत्र रुंदावले व तडजोड मागे पडली.

करप्रणाली, परराष्ट्र धोरण, नव्या सदस्यांचा प्रवेश आणि दीर्घकालीन अंदाजपत्रक या विषयांत, समुदायातून पुढे घडलेल्या यूरोपीय संघात, एकमताची अट आजही आहे. ती तडजोडीतून नव्हे, तर थेट करारांतून आलेली आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय होताना हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या २६ नेत्यांनी तो संमत केला. १९६५ मध्ये रिकाम्या खुर्चीने निर्णय अडले होते. येथे ती रिकामी झाल्यानेच निर्णय होऊ शकला.