गाठ दिसली, पण कसली?

बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ मध्ये, शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे काढून ते प्रत्यक्ष गाठींशी ताडून पाहिले. सगळीकडे वापरता येईल असं तंत्र मात्र १९६० च्या सुमारास हाती आलं. ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी एक्स-रे यंत्राचं व्होल्टेज उतरवलं, करंट वाढवला आणि कारखान्यांत वापरायची बारीक कणांची फिल्म घेतली. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ दिसू लागली. ती कसली, हे सांगणं तेव्हाही कठीणच होतं.

सोनोग्राफीवरही बराच काळ एवढंच काम सोपवलेलं होतं: गाठ पाण्याची की भरीव, ते सांगायचं. भरीव निघाली की बायोप्सी, म्हणजे गाठीचा नमुना काढून तपासणी. त्यातल्या बहुतेक गाठी साध्याच, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, निघत. तोवर त्या बाईची झोप उडालेली असे.

१९९५ मध्ये डेन्व्हरच्या थॉमस स्टाव्हरॉस आणि सहकाऱ्यांनी ७५० भरीव गाठींचं बायोप्सीआधीच वर्गीकरण करून ठेवलं. कडा काटेरी आहे का, मागे सावली पडते का, गाठ आडवी की उभी, हे त्यांनी पाहिलं. यातला शेवटचा निकष मला सगळ्यात सुरेख वाटतो. साधी गाठ ऊतींच्या थरांना धरून आडवी पसरते. कर्करोग थर फोडून वर-खाली वाढतो, म्हणून रुंदीपेक्षा उंच दिसतो. ‘साध्या’ ठरवलेल्या ४२६ गाठींपैकी कर्करोगाच्या निघाल्या फक्त २. मशीन बदललं नव्हतं, बघायची शिस्त बदलली होती.

रिपोर्टला शिस्त लावणारी ‘बायरॅड्स’ पद्धत अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने १९९३ मध्ये आणली होती. २००३ पासून सोनोग्राफी आणि एमआरआयही तिच्यात आले. श्रेणी ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता फार तर २ टक्के, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. श्रेणी ५ म्हणजे किमान ९५ टक्के. मधली सगळी मोठी पट्टी एकट्या ४ मध्ये कोंबलेली, म्हणून पुढे तिचे ए, बी, सी असे भाग करावे लागले.

मॅमोग्राफीच्या फिल्म वाचायला संगणकाची मदत अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाली. २००७ च्या मोठ्या अभ्यासात मात्र तिच्यामुळे बायोप्सी सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, अचूकता घटलीच. आजच्या एआयची सुरुवात बरी आहे: ८०,००० स्त्रियांच्या स्वीडिश चाचणीत, २०२३ च्या पहिल्या निष्कर्षांनुसार, फिल्मवाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि सापडणारे कर्करोग कमी झाले नाहीत.