कांद्यावरचं काळं आणि रक्तातलं लोह

पावसाळ्याची हवा दमट झाली की लोणंदच्या कांद्यालाही काळी पूड धरते आणि घरोघरी मोबाइलवर जुना मेसेज पुन्हा उगवतो: 'कांद्यावरची ही काळी बुरशी म्हणजेच म्युकरमायकोसिस, खाल्ली की डोळा जातो.' 2021 मध्ये या मेसेजने चांगले कांदे उकिरड्यावर गेले.

म्युकरमायकोसिस हा नाक, डोळे अशा अवयवांत शिरणारा बुरशीचा गंभीर आजार. कांद्यावर असते ती मात्र अॅस्परजिलस नायजर नावाची दुसरीच बुरशी. वरचे पापुद्रे काढा, कांदा धुवा, फोडणीला टाका. म्युकरमायकोसिस करणारी रायझोपस आणि तिची भावंडं वेगळ्या कुळातली. शिळ्या पावावर पांढरी-करडी लव येते, ती बऱ्याचदा हीच. तिचे बीजाणू शेणखतात, कुजत्या पाचटात, हवेत असतात. आपण ते रोज श्वासातून आत घेतो आणि आपल्या भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्यांना उगवू देत नाहीत. रुग्णाच्या तोंडात टाळूवर दिसणारा काळा डाग तर बुरशीचा नसतोच. बुरशी रक्तवाहिनीत शिरते, तिथे गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेलं मांस काळं पडतं.

मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत देशात म्युकरमायकोसिसचे 40 हजारांहून अधिक रुग्ण कसे झाले? मधुमेह आणि स्टिरॉइड, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. स्टिरॉइडमुळे साखर वाढते आणि भक्षक पेशी ढिल्या पडतात, हे खरंच. पण मला यातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो तो लोहाचा.

रायझोपसला वाढायला लोह लागतंच. रक्तात लोह भरपूर, पण मोकळं जवळजवळ नाही. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन ते कुलूपबंद गाडीतल्या मालासारखं वाहून नेतं. म्हणून निरोगी माणसाच्या रक्तद्रवात ही बुरशी नीट वाढत नाही. मधुमेह हाताबाहेर गेला की शरीर चरबी जाळू लागतं, कीटोन आम्लं साठतात आणि रक्ताचा सामू (पीएच) 7.4 च्या आसपास असतो तो 7.3 च्या खाली घसरतो. हा फरक आकड्यात किरकोळ दिसतो, पण वाढलेल्या हायड्रोजन आयनांमुळे ट्रान्सफेरिनची लोहावरची पकड सुटते. रायझोपसच्या पेशीपटलावरचं एफटीआर-1 हे प्रथिन ते सुटं लोह ओढून घेतं. शिवाय साखर आणि लोह वाढलं की रक्तवाहिनीच्या अस्तरावर जीआरपी-78 हे प्रथिन जास्त येतं आणि बुरशीवरचं कॉटएच-3 नेमकं त्यालाच चिकटतं. म्हणजे खाद्यही मिळालं आणि दारही.

याचा पुरावा वेगळ्याच ठिकाणी सापडला होता. शरीरातलं जादा लोह किंवा अॅल्युमिनियम काढायला डायलिसिसच्या रुग्णांना डेफेरॉक्झामीन देत. त्यांच्यातल्या काहींना म्युकरमायकोसिस झाला. ते औषध लोह पकडतं आणि रायझोपस ते औषधाकडूनच काढून घेते! मग बुरशीला वापरता न येणारं डेफेरासिरॉक्स देऊन तिला उपाशी मारावं, ही कल्पना आली. उंदरांत ती चालली. 2012 मध्ये जाहीर झालेल्या 20 रुग्णांच्या चाचणीत मात्र ते औषध मिळालेल्या गटातच मृत्यू जास्त झाले. त्या गटात रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक होते, त्यामुळे सगळा दोष औषधाला देता येत नाही. पण उपचार म्हणून ती वाट तिथेच थांबली.

उरतं ते जुनंच: अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक औषध, मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणं आणि साखर ताब्यात आणणं. तुरटी, सैंधव आणि हळदीचा लेप सांगणारेही 2021 मध्ये निघाले. सांगलीच्या हळदीचं कौतुक मलाही आहे, पण ती आमटीत. रक्तवाहिनीच्या आत वाढणाऱ्या तंतूंपर्यंत गालावरचा लेप पोहोचेल कसा?

मधुमेह असलेल्या किंवा किडनी बदललेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी मिरज किंवा साताऱ्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठावं. नाकातला छोटा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू तासाभरातही दिसू शकतात.