ईक्यू माउंटचा तोल: फोटो काढणाऱ्यांसाठी

ईक्यू माउंट म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार. तो घेऊन गेलेल्या ग्राहकांचा एक फोन ठरलेला असतो: "तारे लांबट येताहेत, गाइडिंग बिघडलंय का?" पुष्कळदा गाइडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारणं) ठीक असतं, काउंटरवेट (दुर्बिणीचा तोल साधणारं वजन) चुकीच्या जागी असतं. नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर थोडा कमीजास्त तोल मोटर चालवून घेते. फोटोत ते खपत नाही. आकाश सेकंदाला 15 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतं; तीन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये गिअरने दोन-तीन आर्कसेकंदांचा गचका दिला तरी तारा गोल राहत नाही.

चढवताना आधी काउंटरवेटच्या दांड्यावर वजन, मग दुर्बीण. काढताना उलट. दांड्याच्या टोकाचा सेफ्टी स्क्रू शोभेचा नाही. 5 किलोचं वजन अंधारात पायावर आलं की त्याचा उपयोग कळतो.

तोल साधायचा तो सगळं सामान चढवून: कॅमेरा, गाइडस्कोप (गाइडिंगची छोटी दुर्बीण), ड्यू हीटर (दव रोखणारी तापपट्टी), केबलीसुद्धा. पुढचं झाकण काढा आणि फोकसर फोटोच्या वेळी जिथे असतो तिथे ठेवा. आता दांडा आडवा करून आर. ए.चा (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाचा) क्लच घट्ट करा. नळी एका हाताने धरूनच डेकचा (त्याला काटकोनात असलेल्या दुसऱ्या अक्षाचा) क्लच सोडा. नळी ज्या बाजूला झुकेल तिच्या उलट दिशेला डोव्हटेल (नळीखालची पट्टी) थोडी सरकवा. ती आडवी सोडल्यावर जागेवर राहिली की डेक लॉक करा, आर. ए. सोडा आणि काउंटरवेट पुढे-मागे करा.

10 सेंटिमीटरवरचं 10 किलो आणि 20 सेंटिमीटरवरचं 5 किलो, दोन्ही तोलाला सारखंच. तरी आम्ही जड वजन अक्षाजवळ ठेवायला सांगतो. त्यात जडत्व निम्मं होतं आणि वाऱ्याने हललेली दुर्बीण लवकर स्थिरावते.

आर. ए.मध्ये अगदी काट्यावरचा तोल मात्र नको. वर्म (मोटरने फिरणारा स्क्रूसारखा गिअर) आणि चाकाच्या दातांत किंचित फट असते. तोल तंतोतंत असला की दात त्या फटीत इकडेतिकडे डुलतो. म्हणून पूर्वेकडची बाजू जराशी जड ठेवा, म्हणजे दात एकाच बाजूला टेकून राहतो. दुर्बीण पूर्वेच्या आकाशाकडे असेल तर काउंटरवेट पूर्वेला असतं, ते अर्धा सेंटिमीटर बाहेर घ्या. मेरिडियन फ्लिपनंतर (लक्ष्य उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडल्यावर माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला नेतं) दुर्बीण पूर्वेला येते, तेव्हा तेच वजन आत घ्यायचं. रात्री दोनला उठून हे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. लक्ष्य ज्या बाजूला जास्त वेळ असेल तिच्या हिशेबाने लावा आणि झोपा.

आपल्याकडची एक खास अडचण. पुण्याचा अक्षांश सुमारे 18.5 अंश, मुंबईचा 19. ध्रुवाकडचा अक्ष इतका आडवा झाला की दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि काही ट्रायपॉडवर वजन उत्तरेच्या पायाला घासतं. युरोपात 50 अंशांवर हे सहसा होत नाही. पिअर एक्स्टेंशन (ट्रायपॉड आणि माउंटमधला उंची वाढवणारा खांब) लावा, किंवा माउंटच्या डोक्याची रचना परवानगी देत असेल तर उत्तरेला पायाऐवजी दोन पायांमधली मोकळी जागा येऊ द्या. पहिल्या रात्रीआधी दिवसाउजेडी माउंट दोन्ही बाजूंना हळू फिरवून काही अडतंय का ते बघा.

हार्मोनिक (वर्मऐवजी वेगळ्या, जोरदार गिअरच्या) माउंटला यातलं बरंच लागत नाही. पण दुर्बीण जड असेल तर ट्रायपॉड उलटू नये म्हणून त्यालाही काउंटरवेट लावा.

तोल नीट असूनही मोटर कुरकुरत असेल, तर वर्मचे स्क्रू स्वतः पिळू नका. तोल साधलेल्या स्थितीतला माउंटचा फोटो आणि आवाजाचा छोटा व्हिडिओ आम्हाला पाठवा.