मॅच रंगात आली की चित्र धूसर का होतं?
(आमच्या ब्रॉडबँड ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार,

‘शंभर एमबीपीएस वेगाचा प्लॅन घेतलाय, तरी संध्याकाळी मॅच धड दिसत नाही.’ रात्री आठनंतर आमच्याकडे येणारे बरेचसे फोन याच तक्रारीचे असतात. मोठा प्लॅन घ्या असं सांगणं सोपं आहे. पण बहुतेक घरांत त्याची गरज नसते.

ॲपवरचा व्हिडिओ सलग धारेसारखा येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा ३६०, ७२०, १०८० अशा निरनिराळ्या दर्जांत सर्व्हरवर तयार असतो. आधीचा तुकडा किती वेळात उतरला ते पाहून ॲप पुढचा जड मागायचा की हलका, हे ठरवतं. चित्र धूसर होणं म्हणजे व्हिडिओ थांबू नये म्हणून केलेली तडजोड. गोल चक्र फिरायला लागलं, तर साठवलेले तुकडे संपले असं समजा.

सिनेमा बघताना ॲप पुढचे बरेच तुकडे आधीच आणून ठेवतं. नेट मध्ये अडखळलं तरी कळत नाही. लाइव्ह मॅचमध्ये पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, मग साठा करणार कशाचा? तिथे जेमतेम काही सेकंदांची शिल्लक असते, म्हणून जरासा धक्काही लगेच दिसतो.

१०८०च्या चित्राला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५च्या आसपास. म्हणजे शंभरचा प्लॅन कमी नाही. कमी पडतो तो वेगाचा एकसारखेपणा. एकाच वायफायवर दोन टीव्ही चालू असले, तर पहिला आपला साठा भरून क्षणभर थांबतो. तेवढ्यात दुसऱ्याला लाइन मोकळी वाटते आणि तो जड तुकडा मागतो. पहिला परत सुरू झाला की दुसरा गडबडून खाली येतो. चित्र सारखं स्वच्छ-धूसर होतं ते या खो-खोमुळे.

गेल्या लग्नसराईत एका घरी गेलो होतो. राउटर लोखंडी कपाटामागे, टीव्ही दोन भिंतींपलीकडे. पण खरं कारण सोफ्यावर चार्जिंगला लावलेल्या फोनमध्ये निघालं: लग्नाचे सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. अपलोड असं तुडुंब भरलं की टीव्हीने पाठवलेली पुढच्या तुकड्याची मागणीसुद्धा त्याच रांगेत अडकते. बॅकअप थांबवला आणि थोड्याच वेळात चक्र फिरायचं थांबलं. बॅकअप रात्री झोपताना लावा, एवढं जरूर करा.

टीव्हीला शक्यतो लॅन वायर लावा. याहून खात्रीचा उपाय आमच्या पाहण्यात नाही. ते जमत नसेल तर राउटर उघड्यावर, उंचावर ठेवा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा. (नावापुढे ‘५जी’ दिसतं, त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही.) मात्र भिंतींपलीकडे ते लवकर क्षीण होतं. मुलांच्या मोबाइलवर दर्जा ४८०वर बांधून ठेवा. तेवढ्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही, आणि टीव्हीला जागा मिळते. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची, म्हणजे कोणत्या उपकरणाला नेट आधी द्यायचं ते ठरवण्याची, सोय असेल तर ती आम्ही येऊन लावून देऊ.

आता आमच्या बाजूचं. फायबरच्या एका पॉन पोर्टची (आमच्या केंद्रातल्या एका जोडणीची) सुमारे २.५ जीबीपीएसची, म्हणजे २,५०० एमबीपीएसची, क्षमता स्प्लिटरमधून (एका फायबरला फाटे फोडणाऱ्या डबीतून) अनेक घरांत वाटली जाते. एका पोर्टवर ३२पेक्षा जास्त घरं आम्ही जोडत नाही. काही दिवशी मात्र गर्दी ॲपच्या दारातच असते: १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला एकाच ॲपवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते.

फोन कराल तेव्हा एवढं सांगा: सगळ्याच स्क्रीन अडकतात की एकच, लाइव्ह की सिनेमा, आणि टीव्ही वायरवर आहे की वायफायवर. शिडी घेऊन खांबावर चढायचं की थेट तुमच्या टीव्हीमागे बघायचं, हे आमच्या माणसाला निघतानाच कळेल.