नाक धुण्याची बाटली खरंच वाळते का?

सायनसचा त्रास, ॲलर्जी किंवा सतत चोंदणारं नाक यांसाठी मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना पाणी कोणतं घ्यावं, मीठ किती घालावं हे बहुतेक वेळा सांगितलेलं असतं. धुऊन झाल्यावर त्या बाटलीचं किंवा नेतीच्या झारीचं काय करायचं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. उरलेलं पाणी ओतून दिलं, दोनदा झटकलं, टोपण फिरवलं आणि बेसिनच्या कडेला ठेवून दिलं, एवढ्यावर काम भागतं. मात्र अशी बाटली दुसऱ्या दिवशी उघडली, तर आत बोट फिरवल्यावर ओल लागतेच. पाणी ओतून टाकलं म्हणजे बाटली रिकामी होते, कोरडी होत नाही.

याचं कारण हवेच्या हिशेबात आहे. 25 अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. नाक धुण्याची बाटली साधारण 240 मिलिलिटरची असते. तेवढ्या हवेत मावणारं बाष्प भरतं जेमतेम साडेपाच मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब मात्र 50 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे बाटलीतली हवा अगदी ठणठणीत कोरडी धरली, तरी एक थेंब वाळवायला ती सगळीच्या सगळी नऊ वेळा बदलावी लागेल. घरातली हवा तशी कधीच नसते. सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल तर त्या हवेत आणखी बाष्प घ्यायला थोडीच जागा उरते आणि हा आकडा 22-23 वर जातो. 85 टक्के आर्द्रतेला तो साठपर्यंत पोहोचतो. हे एका थेंबाचं झालं. झटकलेल्या बाटलीत असे कितीतरी थेंब भिंतींना चिकटलेले असतात.

टोपण लावलं की हवा बदलायची वाटच बंद होते. आतली हवा थोड्याच वेळात बाष्पाने भरते आणि त्यानंतर आतलं पाणी कितीही दिवस तसंच राहू शकतं. टोपण उघडं ठेवलं तरी तोंड अरुंद असेल तर बाष्प आपोआप बाहेर यायला बराच वेळ लागतो. म्हणून बाटली वाळवताना 'किती तास ठेवली' यापेक्षा 'आतली हवा किती खेळती राहिली' हा प्रश्न महत्त्वाचा. पंख्याच्या वाऱ्यात तोंड उघडं ठेवलेली बाटली बंद कपाटातल्या बाटलीपेक्षा कितीतरी आधी वाळते ती यामुळेच.

ओल राहिली तर बिघडतं काय? नाक धुताना बाटली दाबली की पाणी आत जातं, पण नाकपुडीला टेकलेली असतानाच पकड सैल केली तर बाटली पुन्हा फुगते आणि नाकातलं पाणी, शेंबूड, त्यातले जिवाणू असं सगळं आत ओढून घेते. हे टाळता येतं. बाटली आधी नाकापासून दूर करावी आणि मगच पकड सोडावी. पण कितीही जपलं तरी थोडं काहीतरी आत जातंच. मग आत ओल आहे, खोलीचं तापमान आहे आणि शेंबडातल्या प्रथिनांच्या रूपाने खाद्यही आहे. अगदी अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंना एकाचे दोन व्हायला अर्धा तास पुरतो. त्या वेगाने बारा तासांत 24 वेळा दुपटी होते आणि एका जिवाणूचे दीड कोटीहून अधिक होतात. बाटलीतली परिस्थिती इतकी अनुकूल नसते, वाढ बरीच मंद असते. तरीही सकाळ-संध्याकाळ नाक धुणाऱ्याच्या हातात येणारी ओली बाटली काल धुऊन ठेवली होती तशी राहिलेली नसते, एवढं त्यावरून कळतं.

मोकळे तरंगणारे जिवाणू पाण्याबरोबर वाहून तरी जातात. खरी अडचण भिंतीला चिकटलेल्यांची आहे. पृष्ठभागावर बस्तान बसलं की ते स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की आतून हाताला जे बुळबुळीत लागतं, तोच हा प्रकार. या थराच्या आतल्या जिवाणूंपर्यंत जंतुनाशक पोहोचायला वेळ लागतो आणि नुसतं पाणी फिरवून तो निघत नाही. वापरातल्या बाटल्यांमधले नमुने प्रयोगशाळेत वाढवून पाहिलेल्या अभ्यासांत स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस यांच्यासारखे जिवाणू सापडलेले आहेत. बाटलीत जिवाणू सापडले म्हणून माणूस आजारी पडतोच असं नाही. निरोगी नाक रोज असंख्य जिवाणू परतवून लावत असतं. सायनसची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर मात्र ही जोखीम क्षुल्लक म्हणता येत नाही.

आता मिठाकडे वळू. माझ्या मते वाळवण्याच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. नाक धुण्याच्या पाण्यात साधारण 0.9 टक्के मीठ असतं, म्हणजे एका बाटलीत दोन ग्रॅमच्या थोडं वर. धुऊन झाल्यावर बाटली नुसती झटकून ठेवली तर हे खारं पाणी आतच राहतं आणि वाळताना भिंतीवर मिठाचे बारीक कण सोडतं. दमट दिवसांत उघडं मीठ सादळतं, त्याला पाणी सुटतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शुद्ध मिठाच्या बाबतीत ही मर्यादा नक्की आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून स्वतः त्यात विरघळतं. म्हणजे पावसाळी हवेत खारट राहिलेली बाटली दिवसभर उघडी ठेवली तरी वाळणार नाही. वाळली असेल तर पुन्हा ओलावेल. पंखा लावला तरी हवाच दमट असल्यामुळे उपयोग होत नाही. म्हणून साबणाने धुतल्यावर शेवटचा हात बिनमिठाच्या पाण्याचा फिरवणं ही नुसती टापटीप नव्हे. बाटली वाळणार की नाही, हे त्यावर ठरतं.

हे शेवटचं पाणी कोणतं असावं? जे नाकात घालायला सुरक्षित, तेच. साबणाने घासून सगळं साफ केलं आणि शेवटी नळाखाली धरलं, तर नळातलं जे काही आहे ते भिंतीवर थेंबाथेंबाने परत बसतं. नाक धुण्यासाठी पाणी उकळतानाच कपभर जास्त उकळून ठेवलं की काम होतं.

दाबायच्या बाटलीत टोपणाला एक पातळ नळी असते आणि काही बाटल्यांत छोटी झडपही असते. सर्वात उशिरा वाळणारा भाग हाच. अरुंद नळीत पृष्ठताणामुळे पाण्याचा स्तंभ अडकून बसतो. नळी उभी धरली तरी तो गळून पडत नाही आणि झटकूनही पूर्ण निघत नाही. त्यावर साधा उपाय असा की टोपण लावून रिकामी बाटली पाच-सहा वेळा जोरात दाबायची. आतली हवा नळीतून बाहेर पडताना ते पाणी ढकलत नेते. नळीत तोंडाने फुंकर मात्र मारू नये. तोंडातले जिवाणू मोठ्या संख्येने आणि उबदार दमट हवेसकट आत जातात. पाणी निघाल्यावर टोपण, नळी आणि बाटली तिन्ही सुटे करून ठेवावेत. झडप निघत असेल तर तीही काढावी, तिच्या खाचेत साबणाचा फेसही अडकतो.

बाटली उपडी ठेवावी की उताणी? आधी उपडी, पाणी निथळेपर्यंत. पण सपाट ओट्यावर किंवा ताटलीत उपडी ठेवली तर तोंड बंद होतं, खाली साचलेल्या पाण्याची वाफ आतच कोंडते आणि टोपण लावण्यात व हे करण्यात काही फरक राहत नाही. भांडी निथळायच्या जाळीवर, तोंडाखाली हवा जाईल अशी ती ठेवावी. जाळी नसेल तर निथळल्यावर आडवी किंवा तिरकी करून तोंड मोकळं ठेवावं. आतून पुसायचं असेल तर नवा कागदी टॉवेल वापरावा. ओटा पुसायचं फडकं बाटलीहून अस्वच्छ असतं.

ही जागा न्हाणीघरात नसावी. आंघोळीनंतर तिथली हवा बाष्पाने जवळजवळ भरलेली असते आणि फ्लश केल्यावर उडणारे बारीक तुषार आसपासच्या वस्तूंवर बसतात. खिडकीजवळचं ऊन मिळालं तर चांगलं, कारण उबेने पाणी लवकर उडतं. पण उन्हात ठेवली म्हणजे निर्जंतुक झाली, असं धरून चालू नये. शिवाय सततच्या कडक उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

चिनीमातीची किंवा स्टीलची झारी वापरणाऱ्यांचं काम बरंच सोपं असतं. तोंड रुंद असल्याने ती आतून घासता येते, पुसता येते, आणि स्टीलची झारी सरळ उकळताही येते. लक्ष द्यायचं ते तोटीकडे. तिथे हात पोहोचत नाही, म्हणून बारीक ब्रश हवा. प्लॅस्टिकच्या मऊ बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती वाकडी होऊ शकते. काही उत्पादक मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला परवानगी देतात, तेव्हा त्यांनी सांगितलेला वेळ आणि पद्धत पाळावी. मायक्रोवेव्ह तापवतो तो मुख्यतः पाण्याला. अगदी कोरडं प्लॅस्टिक त्यात फारसं तापत नाही, त्यामुळे कोरडी बाटली आत फिरवून ती निर्जंतुक झाली असं समजणं चुकीचं ठरेल. धातूची झारी तर त्यात ठेवूच नये.

कोरडेपणाने सगळेच सूक्ष्मजीव मरतात का? नाही. स्युडोमोनासला ओल लागते, कोरड्यात तो कमी होत जातो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र कोरड्या पृष्ठभागावर आठवडे काढू शकतो. वाळवण्याने वाढ थांबते, आधीची घाण निघत नाही. त्यामुळे घासून धुणं आणि वाळवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

अमीबांचंही असंच आहे. नेग्लेरिया फाउलेरी हा कोमट गोड्या पाण्यातला अमीबा प्यायल्या पाण्यातून अपाय करत नाही, पण नाकातून वर गेला तर वासाची जाणीव नेणाऱ्या चेतांच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नेतीच्या झारीत नळाचं पाणी वापरणाऱ्या दोघांचा त्यामुळे मृत्यू झाला. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि हा अमीबा कोरड्यात टिकत नाही. अकँथअमीबा हा दुसरा एक अमीबा मात्र जाड कवचाच्या पुटीत स्वतःला बंद करून घेतो आणि त्या अवस्थेत कोरड्यात वर्षानुवर्षं तग धरतो. 2024 साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या संशोधकांनी नाक धुणाऱ्या दहा जणांमधल्या अकँथअमीबाच्या संसर्गाची माहिती प्रसिद्ध केली. त्या सगळ्यांची प्रतिकारशक्ती आधीच दुबळी होती. बाटली कितीही कोरडी ठेवली तरी पाण्याची काळजी सुटत नाही, ती या कारणाने. पाणी खळखळून एक मिनिट उकळावं, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरहून उंच राहणाऱ्यांनी तीन मिनिटं. नंतर झाकून निवू द्यावं आणि स्वच्छ बंद भांड्यातलं असं पाणी 24 तासांच्या आत वापरावं. मीठ घालून तयार केलेलं द्रावण उरलं तर ओतून टाकावं, पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

प्रवासात ही शिस्त हमखास मोडते. सकाळी नाक धुतलं, घाईत बाटली पिशवीत कोंबली आणि चेन लावली, की ओल, ऊब आणि बंद हवा तिन्ही एकत्र येतात. निघण्याच्या आदल्या रात्रीच धुऊन वाळवून ठेवणं बरं. सकाळी वापरावीच लागली तर कागदी टॉवेलने आतून पुसून, टोपण वेगळं ठेवून कापडी पिशवीत घालावी आणि मुक्कामी पोहोचताच बाहेर काढावी. एका बाटलीऐवजी दोन ठेवून आलटून पालटून वापरणं मला सर्वात सोयीचं वाटतं. दिवसातून दोनदा नाक धुणाऱ्यांच्या एकाच बाटलीला वाळायला पुरेसा वेळच मिळत नाही, दमट दिवसांत तर नाहीच. बाटल्या दोन असल्या तरी त्या एकाच माणसाच्या असाव्यात. घरात दोघं नाक धुत असतील तर प्रत्येकाच्या वेगळ्या.

बरेच उत्पादक दर तीन महिन्यांनी बाटली बदलायला सांगतात. रोज घासल्याने आत बारीक ओरखडे पडतात आणि त्यांच्यात बायोफिल्मला आसरा मिळतो. भिंत धुरकट दिसू लागली, धुऊनही आतून निसरडी लागली, नळीत गुलाबी किंवा काळपट डाग दिसले किंवा वास येऊ लागला तर तीन महिन्यांची वाट पाहू नये. सायनसचा संसर्ग होऊन गेल्यावरही नवी बाटली घेतलेली बरी, आणि ती घेताना जुनं टोपण व नळी तिला लावू नये.